पाचचा अलार्म लावण्याआधी: मुंबईकराच्या सकाळचा खरा हिशेब

पहाटे साडेचार-पाचला उठायचं, तांब्याभर कोमट पाणी प्यायचं, वीस मिनिटं ध्यान, अर्धा तास व्यायाम, डायरीत पानभर लिखाण, पुस्तकाची दहा पानं, गार पाण्याने आंघोळ आणि मग शांतपणे दिवसाचं नियोजन. असे व्हिडिओ फोनवर रोज येऊन आदळतात. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर चांगलीच आहे. बेरीज केली तर पावणेदोन-दोन तास होतात. आता तोच व्हिडिओ परत लावा आणि एवढंच बघा: त्या घरात पाणी कोण भरतंय? डबा कोण करतंय? पोराला तीनदा हाका मारून कोण उठवतंय? बहुतेक वेळा यातलं कुणी दिसतच नाही. कामं काही आपोआप होत नसतात. ती दुसरं कुणीतरी करत असतं, किंवा पैसे देऊन करून घेतलेली असतात.

मुंबईतली सकाळ रिकामी नसते. ती आधीच भरलेली असते, आणि तिच्यात वर आणखी सात गोष्टी कोंबायच्या म्हटलं की कापली जाते ती झोप. म्हणून अलार्म बदलायच्या आधी हिशेब मांडावा असं माझं म्हणणं आहे. त्याला एक वही, एक पेन आणि घरातली मोठी माणसं एकत्र बसतील असा रविवारचा तासभर लागतो.

पायरी १: आधी रात्र मोजा

‘लवकर निजे, लवकर उठे, तया ज्ञान, आरोग्य, संपत्ती भेटे’ ही म्हण आपण सगळे अर्धीच पाळायला बघतो. पहिले दोन शब्द सोडून थेट तिसऱ्यावर उडी.

मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या दोन प्रमुख संस्थांनी २०१५ साली एकत्र बसून हीच शिफारस केली. शाळेत जाणाऱ्या १४ ते १७ वर्षांच्या मुलांना तर आठ ते दहा तास हवेत. आता आठवडाभर वहीत फक्त दोन वेळा लिहा: दिवा बंद करून फोन खाली ठेवला ती वेळ, आणि पाय जमिनीला लागले ती वेळ. अंथरुणावर पडल्याची वेळ लिहू नका. पडल्यावर आपण काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

समजा, घरी पोचायला साडेआठ, जेवण साडेनऊ, ओटा आवरून, मुलांच्या वह्या बघून अकरा, आणि प्रत्यक्ष झोप लागते पावणेबाराला. मग सात तास पावणेसातला पुरे होतात. पाचला उठलात तर सव्वापाच तासच झाले. रोज पावणेदोन तास कमी, म्हणजे पाच दिवसांत पावणेनऊ तास, एका अख्ख्या रात्रीहून जास्त. ही तूट शनिवार-रविवारी दहापर्यंत झोपून भरून काढायला गेलं की शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, रविवारी रात्री डोळा लागत नाही आणि सोमवारी पुन्हा तेच. लोकलमध्ये दांडीला लटकून काढलेल्या डुलक्या जमेस धरू नका.

तेव्हा नियम एकच: उठण्याची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणायची असेल तर आधी झोपण्याची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणा, ती आठवडाभर टिकवून दाखवा, आणि मगच अलार्मला हात लावा. झोपण्याची वेळ हलत नसेल तर अलार्मही हलवू नका.

घरातली ज्येष्ठ मंडळी इथे ब्राह्म मुहूर्त काढतील. त्यांचाही हिशेब करून बघा. एक मुहूर्त ४८ मिनिटांचा, आणि ब्राह्म मुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो. मुंबईत जानेवारीच्या मध्याला सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. म्हणजे तेव्हा ब्राह्म मुहूर्त लागतो जवळपास पावणेसहाला. जूनच्या सुरुवातीला सूर्योदय सहाच्या आसपास, तेव्हा तो साडेचारच्या जरा आधी. बारा महिने चारचा अलार्म लावणाऱ्याला परंपरेचाही आधार नाही. आणि ज्या काळात हे पाळलं जायचं, तेव्हा दिवेलागणीनंतर दोन-तीन तासांत गाव झोपलेलं असे.

आणखी एक. काही माणसं जात्याच सकाळची असतात, काही रात्रीची. हा फरक मोजायची प्रश्नावली १९७६ पासून वापरात आहे, आणि शरीराच्या घड्याळाची जनुकं शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. तेव्हा रात्री अकराला ज्याचं डोकं उत्तम चालतं त्याला आळशी म्हणणं बंद करायला हरकत नाही.

पायरी २: न हलणाऱ्या वेळा लिहा आणि उलटं मोजत या

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, म्हणून जरा सावकाश. तुमच्या सकाळच्या काही वेळा तुमच्या हातात नाहीत: नळाला पाणी येण्याची, शाळेच्या व्हॅनची, लोकलची, मस्टरची. त्या लाल पेनाने लिहा आणि शेवटच्या वेळेपासून मागे मोजत या. पुढे मोजलं की माणूस आशावादी होतो, ‘आंघोळ पाच मिनिटं’ वगैरे लिहून टाकतो.

उदाहरणाला बोरिवलीच्या गोराई भागात राहणारं एक जोडपं घेऊ. तिचं ऑफिस नरिमन पॉइंटला, त्याचं अंधेरीला. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत.

तिचं मस्टर साडेनऊला. चर्चगेटहून चालत, गर्दीतून वाट काढत पंधरा-वीस मिनिटं, म्हणजे नऊ-दहाला चर्चगेटला उतरलं पाहिजे. बोरिवलीहून फास्ट गाडीला पन्नासेक मिनिटं लागतात, गाडी चार-पाच मिनिटं रखडणार हे गृहीत धरायचंच. म्हणजे सव्वाआठच्या सुमाराची गाडी. तिच्यासाठी आठ-दहाला प्लॅटफॉर्मवर, कारण जिना आणि पूल यांनाही वेळ लागतो. स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, रांगेसकट वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे पावणेआठच्या आत घराबाहेर. त्याआधी आंघोळ, साडी किंवा ड्रेस, घाईघाईत चहा-पोहे: पस्तीस मिनिटं. झाले सात-दहा. मुलीची व्हॅन सहा-पन्नासला. तिचा डबा, वेणी, ‘माझा दुसरा सॉक्स कुठाय’ हे सगळं त्याआधी. चार डबे म्हणजे भाजी आणि पंधरा-सोळा पोळ्या, तासभर. नळाला पाणी सहाला.

म्हणजे ती सहाच्या आत उठलेली असते, आणि सहा ते पावणेआठ या वेळात एकही मोकळं मिनिट नाही. ध्यान, डायरी, व्यायाम यांतलं काहीही घालायचं तर ते सहाच्याही आधी जातं. तिची झोपही वरच्या उदाहरणासारखी पावणेबाराला लागते असं धरा.

इथे शाळेचा एक पेच आहे. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. घरं उशिरा झोपतात आणि मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्यामागचं एक कारण. निर्णय चांगला. पण पाचवीपासून पुढच्या वर्गांना तो लागू नाही, त्यामुळे ज्या घरात एक मूल तिसरीत आणि एक सातवीत, तिथे आता सकाळ दोनदा होते. तिसरीतल्याला नऊला कोण सोडणार, हा प्रश्न वहीत वेगळ्या ओळीवर लिहा. घरी आजी-आजोबा असतील तर तो त्यांच्या नावावर जातो, आणि मग त्यांचीही सकाळ मोजावी लागते.

लोकलबद्दल निर्णय घ्यायचा तो इथेच. बोरिवलीहून सुटणाऱ्या स्लो गाडीला पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात, पण वेळेवर गेलं तर बसायला मिळतं. फास्टला वेळ वाचतो, पण पन्नास मिनिटं एका पायावर. बसून मिळालेला तास हा वाचायला, डोळे मिटायला किंवा दिवसाची कामं लिहायला खरा तास असतो. घरातून वीस मिनिटं आधी निघणं जमत असेल तर मी स्लो गाडीच्या बाजूने आहे. तीच गोष्ट बसायला मिळावं म्हणून मागच्या स्टेशनवर जाऊन रिटर्न येणाऱ्यांची. जाण्या-येण्यात गेलेली मिनिटं वहीत धरलीत की सौदा परवडतो की नाही ते लगेच कळतं. विरार फास्टमध्ये श्वासावर लक्ष केंद्रित करण्याचे सल्ले मात्र ज्यांनी ती गाडी पाहिलेली नाही त्यांनीच द्यावेत.

पायरी ३: कामासमोर नाव लिहा

आता वहीच्या पानावर कामांच्या यादीसमोर करणाऱ्याचं नाव लिहा. बहुतेक घरांत एकच नाव पानभर दिसतं.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात देशातल्या ८१.२ टक्के स्त्रिया दिवसाकाठी बिनपगारी घरकाम करताना आढळल्या. त्या कामाला त्यांचे सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे जवळजवळ पाच तास जात होते. पुरुषांमध्ये असं काम करणारे २६.१ टक्के, आणि त्यांचे सरासरी ९७ मिनिटं. म्हणजे सकाळी सहाला योगासनं करणाऱ्या पुरुषाचा ‘स्वतःसाठीचा तास’ बऱ्याचदा बायकोच्या खात्यातून वळता झालेला असतो. हे कुणाला टोचलं तर टोचू दे.

काम वाटताना तुकडे पाडू नका, काम पूर्ण द्या. ‘तू सांग, मी करतो’ यात डोक्यातलं काम सांगणाऱ्याकडेच राहतं. पाणी ज्याच्याकडे, त्याने नळ सुटायच्या आधी उठायचं, पिंप-कळशा भरायच्या, पिण्याचं गाळायचं आणि आज धार बारीक आहे म्हणून कपडे उद्यावर टाकायचे हेही त्यानेच ठरवायचं. डबा ज्याच्याकडे, त्याने उद्याची भाजी कोणती हेही आज ठरवायचं आणि आणायची. मुलीची व्हॅन ज्याच्याकडे, त्याने रात्री दप्तर, प्रयोगवही आणि तो दुसरा सॉक्स बघायचा.

वरच्या घरात पाणी, व्हॅन आणि सकाळचा चहा त्याच्याकडे गेला तर तिची पस्तीस-चाळीस मिनिटं सुटतात. त्याचं ऑफिस अंधेरीला, त्याची गाडी निम्म्या वेळात पोचते, हेही हिशेबात आलं पाहिजे. सुटलेल्या वेळाचं काय करायचं हे तिचं ती ठरवेल. झोपली तरी चालेल. माझ्या मते पहिला महिना झोपावंच.

एकटे राहणारे किंवा चार जणांच्या फ्लॅटमध्ये राहणारे यांना ही पायरी लहान आहे: बाथरूमचा क्रम दारावर लिहून लावा आणि पोळ्या-भाजीच्या मावशींची वेळ आपल्या गाडीला जुळते का ते बघा.

पायरी ४: रात्रीची वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही

सकाळचं काम रात्री ढकलणं बरं, पण रात्र खाऊन सकाळ वाढवली तर पुन्हा पायरी १ वर येऊन पडाल. म्हणून वीस मिनिटांची मर्यादा.

या वेळात काय टिकतं आणि काय नाही ते माहीत हवं. कणीक मळून, वरून तेलाचा हात लावून, झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवली तर सकाळी चालते. काढल्यावर दहा मिनिटं बाहेर ठेवा, नाहीतर पोळ्या वातड होतात. गवार, फरसबी, कोबी, फ्लॉवर, दुधी चिरून ठेवता येतात. वांगं आणि बटाटा काळे पडतात, ते सकाळीच. पालेभाजी निवडून कोरडी कागदात गुंडाळा, धुवा मात्र सकाळी. ओलं खोबरं रविवारी खवून फ्रीझरमध्ये. मोडाची मटकी हवी असेल तर बुधवारच्या डब्याची सोमवारी रात्रीच भिजवावी लागते, म्हणून आठवड्याच्या भाज्यांचा कागद फ्रिजवर चिकटवा. ‘उद्या काय करू’ हा प्रश्न रात्री अकराला पडला की वीस मिनिटं नुसती त्यातच जातात.

भाजी निवडायचं काम गाडीतही उरकता येतं. पश्चिम रेल्वेची चर्चगेट-बोरिवली महिला विशेष ५ मे १९९२ ला सुरू झाली. संध्याकाळच्या बायकांच्या डब्यात मटार सोलणारे आणि मेथी निवडणारे हात मुंबईने कायम पाहिलेत. वेळेच्या नियोजनावर कुणी भाषण देऊ लागलं तर त्याला आधी त्या डब्यात बसवावं.

कपडे, ओळखपत्र, पास, चार्जर एका जागी. फोन झोपायच्या खोलीबाहेर चार्जिंगला आणि अलार्मसाठी साधं घड्याळ. याने रात्रीची अर्धा तास झोप परत येते, सकाळी पडल्यापडल्या मेसेज बघणंही सुटतं. संध्याकाळच्या चहा-कॉफीचं गणित असं: कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात. सहाचा कडक कटिंग अकराला अजून अंगात असतो. ज्यांना रात्री लवकर डोळा लागत नाही त्यांनी तो चारच्या आत आणावा.

पायरी ५: एकच नवी गोष्ट, तीही लहान

इतकं झाल्यावर वहीत दहा-पंधरा मिनिटं शिल्लक दिसली तर एकच गोष्ट निवडा. दिसली नाहीत तर निवडू नका, ती दिवसात दुसरीकडे बसवा.

‘२१ दिवस केलं की सवय लागते’ हे सगळीकडे सांगितलं जातं. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० च्या सुमारास छापून आलेल्या एका अभ्यासात ९६ जणांनी खाणं, पिणं, व्यायाम यांपैकी एक साधी सवय रोज पाळायचा प्रयत्न केला. ती अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले, आणि लोकालोकांत फरक १८ ते २५४ दिवसांचा होता. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर तुमच्यात खोट नाही, आकडाच चुकीचा ऐकलाय.

नवी गोष्ट घड्याळाला बांधू नका, घडणाऱ्या कामाला बांधा. ‘६.४० ला ध्यान’ लिहिलं आणि पाणी उशिरा आलं की ध्यान गेलं. ‘व्हॅन गेली की तिथेच गेटपाशी दहा मिनिटं चालायचं’ हे टिकतं, कारण व्हॅन रोज जाते.

चालण्याचाच विचार करा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि तो एका दमात करावा असं काही नाही. स्टेशन दहा मिनिटांवर असेल आणि जाता-येता रिक्षा सोडून भरभर चाललात तर सहा दिवसांत दोन तास झाले. शिवाय सकाळचा उजेड मिळतो. बाहेरचा ढगाळ उजेडसुद्धा घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो, आणि शरीराचं घड्याळ त्यानेच जुळतं. चाळीच्या आतल्या खोलीत किंवा समोरच्या टॉवरच्या सावलीत राहणाऱ्यांना याची जास्त गरज. नरिमन पॉइंटला काम करणाऱ्याने ऑफिस सुटल्यावर मरीन ड्राइव्हवरून अर्धा तास चालून चर्चगेटची गर्दी ओसरू दिली तर त्याला सकाळच्या व्यायामाची काहीच गरज नाही. व्यायामाला पहाटच लागते हा समज सोडा. झोपायच्या अगदी आधी धापा टाकू नका, इतकंच.

डोकं लागणारं काम उठल्याउठल्या करायचा अट्टहासही नको. जाग आल्यावर पहिली पंधरा ते तीस मिनिटं मेंदू जड असतो, अपुरी झोप असेल तर त्याहून जास्त वेळ. तेव्हा नळ, गॅस, कपड्यांच्या घड्या असलीच कामं शोभतात.

पायरी ६: ज्यांची सकाळ सकाळी नसते

हॉस्पिटल, पोलीस, हॉटेल, विमानतळ, कॉल सेंटर. या शहरात लाखो माणसं सकाळी कामावरून परत येतात. त्यांना पाचला उठायचा सल्ला देणं हा विनोद आहे. त्यांनी वरच्या सगळ्या पायऱ्या तशाच कराव्यात, फक्त ‘सकाळ’ म्हणजे आपली उठायची वेळ, मग ती दुपारी तीनची का असेना. येताना गॉगल लावा, खिडकीला जाड पडदा, दाराला ‘बेल वाजवू नये’ आणि दूधवाला, पेपरवाला, कुरिअर यांचं शेजारी सांगून ठेवलेलं. घरच्यांनी दुपारी बाराला ‘अजून झोपलाय’ म्हणणं बंद करायचं.

पायरी ७: पावसाळी आवृत्ती

वहीच्या मागच्या पानावर बिघडलेल्या दिवसाचं वेळापत्रक लिहा. त्यात तीनच गोष्टी: पाणी, मुलांचं खाणं, कामावर पोचणं. डब्याऐवजी कॅन्टीन, चालण्याऐवजी काही नाही. पाहुणे आले, मूल तापलं, रुळांवर पाणी आलं, गणपतीत रात्री दोनला आरती संपली, की ते पान काढायचं आणि पहिलं पान दुसऱ्या दिवशी जिथे सोडलं तिथून सुरू. चुकलेलं भरून काढायला दुप्पट करायचं नाही.

पहिलं पानही कायमचं नसतं. शाळा सुरू झाली, ऑफिस हललं, रेल्वेचं वेळापत्रक बदललं की ते नव्याने मांडावं लागतं. आणि पाऊस लांबला की पाण्याचं. २०२४ मध्ये तलाव आटल्यामुळे मुंबईत मेअखेरीपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात झाली होती. अशा वेळी धार बारीक होते, पिंप भरायला अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास लागतो आणि ती पंधरा मिनिटं कुठून तरी काढावी लागतात. चालणं सोडा, डायरी सोडा, त्या महिन्यात पोळ्या बाहेरून आणा. झोपेला हात लावू नका.